तीन महिन्यांना चार दिवस कमी

माझा थोरला भाऊ कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा पाठवायचे. दादा त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचा, त्यावर मेणाची हिरडी चढवायचा, एकेक दात बसवायचा आणि शेवटी मोटरवर घासून अशी कवळी काढायचा की ऐंशीच्या माणसाने सफरचंद चावून खावं. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं दादाच्या जिवावर हसत होती. तो स्वतः मात्र महिन्यातून एखाद्या वेळी हसायचा, तेही कुणी फारच आग्रह केला तर. सगळे त्याला कवळीवाले म्हणायचे. खरं नाव विचारलं असतं तर चार जणांनासुद्धा सांगता आलं नसतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत संसार आणि मागच्या खोलीत कारखाना. खिडकीखाली बाक, बाकावर मेणाच्या पट्ट्या आणि घासायची मोटर, आणि तीन भिंतींना ठोकलेल्या फळ्यांवर प्लास्टरचे शेकडो जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा टाकलेला. वहिनी दिवसातून दोनदा तिथे ओला फडका फिरवायची. "तुमच्या भावाच्या घरात मी पीठ कमी आणि प्लास्टरच जास्त खाल्लंय, भावजी," असं ती हसत म्हणायची. घर गेलं तर धंदाही गेला, इतका सगळा मामला एकाच दाराआड होता. आणि ते दार बँकेकडे गहाण होतं.

अकरा वर्षं दादाने एकही हप्ता चुकवला नाही. पहिल्या तारखेला बँक उघडायच्या आधी तो पायरीवर हजर. पण मग शहरात कवळ्यांची मोठी कंपनी आली, यंत्रावर दिवसाला दोनशे जबडे काढणारी. डॉक्टर एकेक करून तिकडे वळले. जे पूर्वी दादाच्या पाया पडायचेच काय ते बाकी असायचे, ते फोन घेईनासे झाले. कमाई निम्म्यावर आली आणि हप्ता होता तेवढाच राहिला.

आता आमच्या घराण्याची एक खोड सांगायला हवी, कारण घात तिनेच केला. आमच्यात मदत मागत नाहीत आणि समोरासमोर करतही नाहीत. करायची ती पाठीमागून, न सांगता, आणि ज्याला केली त्याने कळूनही न कळल्यासारखं करायचं. माझी कॉलेजची फी दादाने परस्पर भरली होती, तीही माझ्या नावाने. कारकुनाने पावती दिली, मी ती खिशात घातली, विषय संपला. आजतागायत आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललेलो नाही. याला आम्ही अब्रू म्हणायचो. आता मी काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

असा हा माणूस शेवटी बँकेच्या मदत कक्षात गेला, म्हणजे पाणी कुठवर आलं होतं ते समजा. तिथल्या मॅडम तरुण होत्या, गोड बोलायच्या. त्यांनी दादाला पाणी दिलं आणि खातं उघडून पाहिलं.

"काका, तुमचे हप्ते तर अगदी वेळेवर आहेत."

"हो. पण भरताना जीव जातो."

"पण भरताय ना? सवलत अडचणीतल्या लोकांना आहे. सलग तीन महिने खात्यात काहीच आलं नाही, की खातं अडचणीत धरतात. मग हप्ता निम्मा होतो आणि मुदत वाढते."

"म्हणजे मी तीन महिने भरू नको?"

"असं मी सांगू शकत नाही."

"बरं. मग भरू?"

"तेही मी सांगू शकत नाही."

दादा खुर्चीतून उठेना. त्याला आयुष्यात सरळ बोललेलं तेवढंच कळायचं. शेवटी मॅडमना त्याची दया आली असावी. त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "काका, एक पैसाही नाही. चुकून चिल्लर जरी जमा झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि ही योजना तीन महिन्यांनी बंद होतेय."

जो बुडतोय त्याला हात द्यायचा, पण आधी त्याने नीट, पूर्ण, नियमाप्रमाणे बुडून दाखवायचं. हा नियम ज्याने लिहिला त्याला मी एकदा बघणार आहे.

दादाने हे फक्त वहिनीला सांगितलं आणि तिच्याकडून शपथ घेतली की कुणाकडे बोलायचं नाही, माझ्याकडे तर नाहीच. पहिल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तो सवयीने कपडे घालून बँकेपर्यंत गेला आणि खिडकी बंद होईपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभा राहिला. घरी आला तेव्हा त्याला ताप होता.

दुसऱ्या महिन्यात वसुलीची माणसं आली. दोघं होते. जिन्यात उभे राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे ओरडायचे, "दुसऱ्याचे दात करता आणि बँकेचे पैसे खाता!" दादा दारात मान खाली घालून उभा. आणि निर्लज्जपणाची कमाल बघा, ओरडून झाल्यावर त्यातला जाड्या हळूच आत आला आणि म्हणाला, "आमच्या वडलांची कवळी सैल झालीय हो. जरा बघता का?" दादाने ती बघितली, नीट केली आणि कबूल केलेल्या वेळेला तयारही ठेवली. जाड्याने पैसे दिले नाहीत. पुढच्या आठवड्यात येऊन तो पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडला.

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी पाण्याचे मीटर वाचतो. दिवसभर जिने चढउतार करून गुडघे कामातून गेलेत, म्हणून ऑपरेशनसाठी थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होतो. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दादाच्या इमारतीत मीटर वाचायला गेलो तर त्याच्या दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली. थकबाकी, जप्ती, खात्याचा नंबर, सगळं ठळक अक्षरात. शेजारचं दार किलकिलं होतं, म्हणून मी नोटीस ओरबाडून काढली आणि खिशात कोंबली. तेवढ्यात वहिनी जिना चढत आली. हातात रिकामी पिशवी होती आणि कानांत काही नव्हतं.

"वहिनी, सगळं ठीक ना?"

"ठीकच की, भावजी. चहा टाकू?"

तिने शपथ पाळली. मी खोड पाळली. दोघांपैकी एकाने जरी तिथे जिन्यात तोंड उघडलं असतं, तर आज ते घर उभं असतं.

मी तडक बँकेत गेलो आणि गुडघ्यांचे सगळे पैसे काढले. तीन हप्ते होत नव्हते, जेमतेम एक आणि वर थोडं एवढेच होत होते. भरायच्या कागदावर भरणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती, तिथे मी दादाचं नाव घातलं. त्या दिवशी मी लंगडत घरी गेलो, पण ऐटीत. वाटलं, दादाचं ऋण फेडलं. तीन महिने पुरे व्हायला चार दिवस बाकी होते.

पहिल्या तारखेला सकाळी दादाचा फोन आला. "छोट्या, आज रजा टाक. बँकेत एक सही लागणार आहे, साक्षीदाराची."

बसमध्ये तो माझ्याशेजारी बसला आणि हसला. न मागता हसला. मग त्याने मला सगळं सांगितलं. मदत कक्ष, मॅडम, तीन महिने, एक पैसाही नाही. वसुलीच्या जाड्याची नक्कल करून दाखवली. "चोरासारखा राहिलो रे," तो म्हणाला, "पण निभावलं. तुला सांगितलं नाही, कारण तू कुठून तरी पैसे उभे करून भरून मोकळा झाला असतास. ओळखतो ना मी तुला." आणि त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

अजून सहा थांबे होते. सहा थांब्यांत माणूस काय काय सांगू शकतो! मी खिडकीबाहेर बघत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो की कदाचित चालेल, कदाचित त्यांच्या लक्षात येणार नाही. लाज वाटते, पण मी तेव्हा दादाच्या घराचा विचार करत नव्हतो. आपण पकडले जाऊ का, एवढाच विचार करत होतो.

मॅडमनी खातं उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, हे काय केलंत? चार दिवसांपूर्वी पैसे भरलेत तुम्ही."

"मी? नाही हो."

"रोख भरलेत. तुमच्याच नावाने." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "आणि त्यातले बरेचसे दंडातच गेले. हप्ता एकही पुरा झालेला नाही. पण पैसे आले, म्हणजे मोजणी मोडली. आणि योजना आजच बंद होतेय."

"मग आता?"

"आता खातं वसुली विभागाकडे. आमच्याकडून काही होण्यासारखं नाही." त्या खरंच वाईट वाटून बोलत होत्या, आणि बोलता बोलता पुढच्या माणसाला हाताने बोलावतही होत्या.

दादाने पडद्यावरचं आपलं नाव बोट ठेवून वाचलं. मग म्हणाला, "घरात हे माहीत असलेलं माणूस एकच आहे." माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. माझ्यावर संशय घ्यायला मला माहीत कुठे होतं? परतीच्या बसमध्येही मी सहा थांबे वाया घालवले.

वहिनी दारातच उभी होती. "झालं का हो काम?"

"कानातले कुठे आहेत?" दादाने विचारलं.

तिचा हात कानाकडे गेला. "वाण्याचं थकलं होतं. विकले. तुम्हाला त्रास नको म्हणून बोलले नाही."

"वाण्याचं? का बँकेचं?"

तिला आधी कळेचना. दादा ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे, पडद्यावर काय दिसलं ते सांगितलं. "रोज रडत होतीस, भरून टाका म्हणून. भरलेस. अकरा वर्षांचं घर तू एका दिवसात घालवलंस." मग तो मागच्या खोलीत गेला आणि मोटर सुरू केली. घासायला काहीच नव्हतं, नुसती मोटर फिरत होती.

तिने भरले नव्हते, दादाने भरले नव्हते. तिसरं माणूस दारात उभं होतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तरी माझं नाव न घेता ती खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दादा बाहेर गेल्याचं बघून मी गेलो. म्हटलं, "वहिनी, मी सांगतो त्याला. आजच सांगतो."

"काय होणार सांगून? घर मिळणार आहे?"

"पण तुमच्यावर..."

"तुमचं नाव निघालं तर त्यांचा भाऊ जाईल, भावजी. दुसरं आहे कोण त्यांना? बायको काय, ती कुठे जातेय?"

मी रडलो. तिच्या पाया पडलो. आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात निम्मी सुटका होती. तिने ओझं उचललं आणि मी ते उचलू दिलं.

घर जायला दोन महिने लागले. सामान बाहेर काढायला बँकेने मजूर आणले होते. त्यातल्या एकाने फळीवरचे दोन जबडे उचलले, एकमेकांवर आपटून बोलल्यासारखे केले आणि म्हणाला, "राम राम, कवळीवाले!" बाकीचे खो खो हसले. जिन्यातले शेजारी पण हसले. त्यातल्या दोघांच्या तोंडात दादाच्याच कवळ्या होत्या. मग जबडे पिंपात ओतले. प्लास्टर फुटल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत येत होता. दादा फुटपाथवर मोटर पोटाशी धरून उभा होता. ती तेवढी त्याने हातची सोडली नाही.

आता ते दोघं एका भाड्याच्या खोलीत राहतात. दादा त्याच मोठ्या कंपनीत आहे. यंत्राने केलेल्या कवळ्या डबीत घालून वर चिठ्ठी चिकटवतो. मोटर पलंगाखाली आहे. वहिनीशी तो कामापुरतं बोलतो. बोलतो म्हणजे, मीठ जास्त झालंय, दार लाव, एवढंच. लोकांना मात्र सांगतो, "बायकोने घर घालवलं. भाऊ आहे म्हणून उभा आहे." खोलीचं निम्मं भाडं मी देतो. लंगडत जाऊन देतो.

गेल्या वर्षी त्याने नवा कायदा केला. पगार झाला की पाकीट घेऊन सरळ माझ्याकडे येतो आणि माझ्या हातात ठेवतो. "हिच्या हातात पैसा नको," तो म्हणतो. "तुझ्याकडे राहू दे. तुझ्यावर माझा भरवसा आहे."

म्हणून दर आठवड्याला वहिनी माझ्या दारात येते. आत या म्हटलं तर येत नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून हात पुढे करते. "भावजी, भाजीचे पैसे."

मी मोजून देतो. तीही मोजून घेते, कारण घरी गेल्यावर दादा हिशेब विचारतो.