सरांची नॉर्मल फिल्म

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आले. कळंबची असल्यामुळे तिथल्या चिंतामणी गणपतीला हात जोडते, पण तेवढंच. म्हणून हे लिहायला संकोच वाटतोय... तरी लिहिते.

यवतमाळला एमबीबीएस करत होते. रेडिओलॉजीची पोस्टिंग म्हणजे आम्हा पोरांसाठी एसीत डुलक्या काढायची सोय! पण आमचे सर – केळापूरकडचे, शेतकऱ्याघरचे – झोपू देत नसत. रोज दुपारी अंधाऱ्या खोलीत व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे मागून दिवा लागणाऱ्या काचेवर, छातीचा एकच जुना एक्स-रे लावायचे आणि प्रत्येकाकडून वाचून घ्यायचे. बरगड्या, हृदय, फुप्फुसं... सगळं नॉर्मल. "नॉर्मल डोळ्यात बसलं ना, का आजार आपोआप दिसते," म्हणायचे. आम्हाला जाम कंटाळा यायचा.

एके दिवशी माझी पाळी आली आणि मी अडखळले. उजव्या कॉलर बोनखाली बोराएवढा पांढरा डाग होता. काल नव्हता!

"सर, इथे शॅडो आहे."

सगळे पुढे आले. कोणालाच काही दिसेना. शेजारची रुचा कुजबुजली, "काहून फेकून राह्यली वं?"

सरांनी फिल्म काढून पुसली, परत लावली. "नॉर्मल हाये पोरी. बोटाचा डाग असन."

डाग तिथेच होता. मी त्यावर बोट ठेवून दाखवलं, तर पोरं हसली. दुसऱ्या दिवशीही दिसला – जरा मोठा. मला रडूच आलं. क्लास सुटल्यावर सरांनी मला थांबवलं.

"खरंच दिसते तुले?"

"हो सर."

"ही माझीच फिल्म हाये. नोकरीले लागलो तवा काढलती."

"सर, नवीन काढा. आत्ता. प्लीज."

"मले ना खोकला, ना ताप. कायले काढू?"

मी दारातून हललेच नाही. शेवटी माझं तोंड बंद करायला, हसत हसतच, ते शेजारच्या खोलीत एक्स-रे काढायला गेले.

स्क्रीनवर फोटो आला. मी बोट ठेवलं होतं नेमकं तिथेच, उजव्या कॉलर बोनखाली, पांढरा डाग होता. या वेळी तो सरांनाही दिसत होता. सर हसायचे थांबले.

कॅन्सर होता. लवकर सापडला म्हणून नागपूरला ऑपरेशन करून काढता आला. पण सरांच्या तरुणपणच्या फिल्ममध्ये तो मला कसा दिसला? आणि मलाच का? योगायोग म्हणा, डोळ्यांचा थकवा म्हणा... मला पटेल असं उत्तर आजवर मिळालेलं नाही.

काही महिन्यांनी सर कामावर परतले. पार वाळले होते. त्यांनी मला एकटीला बोलावलं. व्ह्यू बॉक्सवर तीच जुनी फिल्म लावलेली, आणि सर तिच्याकडे पाठ करून उभे.

"पाह्य बरं. आता काय दिसते?"

मी मान वर केली नाही. "नाही पाहणार, सर."

"काहून?"

"भीती वाटते."

सरांनी न वळताच मागे हात नेऊन व्ह्यू बॉक्सचं बटण बंद केलं.

"मलेबी," ते म्हणाले.