वेणूताईंचा खुबा आणि विहीणबाई

ये गं सुषमा, जवळ सरक. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सासूला पाटावर बसवलंस? डॉक्टरांना विचारायचं तरी, काय चालतं आणि काय नाही. आता ऐक.

मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते, पण कोर्सबिर्स काही नाही, बघून बघून शिकलेली. नाशिकात आमचं लहानसं हॉस्पिटल होतं. ऐंशी सालच्या आसपास निफाडकडच्या वेणूताई आल्या. गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं.

खुब्यात असते एक वाटी, आणि मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीत फिरतो. हाड गोळ्याच्या खाली मोडलं की म्हाताऱ्या माणसाचं ते नीट जुळत नाही. मग गोळा काढून धातूचा बसवायचा. वाटी आपलीच ठेवायची, म्हणून अर्धा सांधा बदलला म्हणतात.

आत शिरायचं कुठून, म्हणजे चिरा कुठे द्यायचा, यावरून आमच्या दोन डॉक्टरांचं रोज चहाला वाजायचं. मोठे डॉक्टर मागून शिरणारे. धाकटे मुंबईला शिकून आलेले, ते बाजूने.

"सर, मागून गेलं की गोळा निसटायची भीती जास्त."

"आणि तुम्ही बाजूने जाता तेव्हा चालायचा स्नायू हाडापासून सोडवता. पेशंट लंगडतो त्याचं काय?"

"थोडाच लंगडतो."

"थोडा तर थोडा, तुम्ही लंगडून दाखवा बघू."

शेवटी धाकटे म्हणाले, पेशंटलाच विचारू. वेणूताईंच्या खाटेशी जाऊन त्यांनी छान समजावलं. मागून केलं तर खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पुढे वाकायचं नाही. वाकलात तर गोळा बाहेर येईल. त्यांना वाटलं, बाई घाबरतील आणि बाजूने करा म्हणतील.

वेणूताईंनी विचारलं, "वाकायचं नाय म्हंजे, कुणाच्या पायाबी पडायचं नाय?"

"अजिबात नाही."

"मग मागूनच करा."

धाकटे डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. ते गेल्यावर वेणूताईंनी मला कारण सांगितलं. लेक नाशिक रोडला दिलेली. मुलीची आई म्हणून दर भेटीला विहीणबाईंच्या पाया पडायचं. विहीणबाई वयाने लहान, तरी पाय पुढे करून बसायच्या. "सिस्टर, लय वाकले मी. आता डॉक्टरच नाय म्हणत्यात, तर माझा काय दोष?"

ऑपरेशन मोठ्या डॉक्टरांनी केलं, झकास झालं. वेणूताई उंच खाटेच्या कडेला बसायला लागल्या आणि विहीणबाईंची वाट बघायला लागल्या. बोलायचं वाक्य पाठ केलं होतं. मला म्हणून दाखवायच्या, "डॉक्टरांनी मना केलंय, विहीणबाई."

विहीणबाई आल्या. दारातच मी त्यांना गाठलं. "त्यांना वाकू देऊ नका. गोळा निसटला तर पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि या वयात ते बरं नाही."

"बरं निघालं हे दुखणं," असं म्हणत त्या आत जाऊन समोरच्या स्टुलावर बसल्या.

आणि वेणूताईंनी काय करावं? डोक्यावर पदर घेतला आणि सरळ पाया पडायला खाली निघाल्या. वाक्यबिक्य गेलं कुठल्या कुठे. इतक्या वर्षांची सवय गं, ती काय डॉक्टरांना विचारून येते? मी दारात, मधे दोन खाटा. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं.

विहीणबाईच ताडकन उठल्या. वेणूताईंचे खांदे धरून त्यांना मागे रेटलं. "विहीणबाई, वाकू नका हो. डॉक्टरांनी मना केलंय."

वेणूताईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "अवो, ते मी बोलणार व्हते."

"मग बोला की."

"आता काय बोलू? तुम्हीच बोलून बसल्या."

विहीणबाईंना हसू फुटलं. पण खांदे काही सोडले नाहीत, मी उशा लावेपर्यंत तशाच ओणव्या उभ्या.

काही महिन्यांनी वेणूताई दाखवायला आल्या, लंगडल्या नाहीत. मोठे डॉक्टर खूश. म्हणाले, "आता जरा वाकलात तरी चालेल."

विहीणबाई बाहेर बाकावर बसलेल्या. वेणूताईंनी दाराकडे बघितलं. "हळू बोला, डॉक्टर."

तेव्हा मी एक शिकले. कुठून शिरायचं ते डॉक्टर ठरवोत, पण बाईला घरी कुणापुढे वाकावं लागतं, ते आधी विचारून ठेवायचं.

तू आता जा आणि तुमच्या डॉक्टरांना विचार, कुठून केलंय. तो पाट आधी माळ्यावर टाक. आणि सासूबाई चालायला लागल्या की त्यांना घेऊन लवकर ये. माझ्याकडे उंच खुर्ची आहे.