भाऊजींनी मला चॅनेलवर कसं आणलं

सागर भाऊजी गेले, त्याला आज वर्ष झालं. त्यांच्या चॅनेलवरच्या लोकांना हे अजून माहीत नाही.

तुम्हा गावातल्या, नात्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. काहींनी मला विचारलंही, "लपवताय कशाला?"

आज सांगते.

सागर माझे धाकटे दीर. संगमनेरला एका डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी. संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत, मित्र अल्ताफबरोबर, व्हिडिओ गेम्सचं मराठी चॅनेल. एक खेळायचा, दुसरा बडबडायचा. लोकांना ती जोडी फार आवडायची.

मी पारनेरकडची. लग्न होऊन आले तेव्हा गेम म्हणजे मोबाईलवरचा ल्युडो, एवढंच ठाऊक.

एकदा गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. आत रेकॉर्डिंग चालू होतं आणि भाऊजी वैतागले होते. त्यांच्या आवडत्या गेमचा पार्ट टू आला होता. त्यात एक नवी मुलगी होती.

"आल्या आल्या गेममधले सगळे हिचं कौतुक करतायत. शूर काय, हुशार काय. अरे, आम्ही अजून तिला धड चालताना पण पाहिलं नाही. कशी आवडणार?"

मी बाहेरूनच बोलून गेले, "नव्या सुनेचं पण असंच करतात. आधीच गावभर सांगतात, पोरगी लई गुणाची. मग सगळे चुका शोधायलाच बसतात."



भाऊजी दारात आले. "वहिनी, हे माइकसमोर बोलाल का?"

मी नाही म्हटलं. ते अधूनमधून विचारत राहिले.

पुढे अल्ताफला पुण्यात नोकरी लागली. चॅनेलवर दुसरं कोणीतरी लागणारच होतं. भाऊजींनी मला समोर बसवून नीट विचारलं. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तिला जमत असेल तर करू दे की."

मला वाटलं, आता माझी ओळख करून देतील. ह्या आमच्या वहिनी, बीएस्सी झालेल्या, वगैरे.

तसलं काही नाही.

"ओळख नाही, कौतुक नाही," भाऊजी म्हणाले. "तुम्ही फक्त खेळायचं. चुकलात तरी मी कट करणार नाही. आणि अल्ताफ जायच्या आधी तुमच्या शेजारी बसणार. पार्ट टूमध्ये जुना माणूस एकदम गायब करतात आणि त्याच्या जागी नवा उभा करतात, तिथंच लोक चिडतात. जुन्यानं हाताला धरून आत आणलं, तर बघणाराही येतो."

पहिल्या व्हिडिओत मला एक पूल ओलांडायचा होता. मी नदीत पडत राहिले. शेवटी मी वैतागून म्हटलं, "ह्या गावाला सरपंच नाही का? कठडा तरी बांधा."

अल्ताफ हसून हसून खुर्चीवरून घसरला. भाऊजींनी ते तसंच ठेवलं.

तरी कमेंट यायच्या त्या आल्याच. 'ही कोण?' 'अल्ताफला परत आणा.' एकानं लिहिलं, 'मग घरी भाकरी कोण करतं?'

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती कमेंट वाचून दाखवायला लावली.

"लिही त्याला," आई म्हणाल्या, "भाकरी मी करती. तुला खायची आसंल तर ये."

भाऊजींनी शब्द न् शब्द तसाच लिहिला.

हळूहळू मी रुळले. लोकही रुळले. कधी कधी आमचं दोघांचं भांडण व्हायचं, कुठल्या गेममध्ये नवं पात्र नीट आणलं आणि कुठं नुसतं आणून टाकलं यावर. ते भांडण बघायला लोक यायचे.

मग भाऊजींना ताप येऊ लागला. उतरेना. तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सर निघाला.

नाशिकच्या दवाखान्यात एका दुपारी मी एकटी जवळ होते. ते म्हणाले, "वहिनी, मी गेलो तर त्याचा व्हिडिओ करू नका."

"असं काय बोलता?"

"ऐका तर. जुन्याला मारून नव्याला मोठं करायचं, हा सगळ्यात आळशी प्रकार. लोक रडतील, तुम्हाला चांगलं चांगलं म्हणतील. ती कीव असेल. मला ते नकोय. तुम्ही तुमच्या खेळाच्या जोरावर टिकून राहा."

मला राग आला. त्या वेळीही भाऊजी गेमचाच विचार करत होते. मग कळलं, ते माझा विचार करत होते.

मी म्हटलं, "वर्षभर नाही सांगणार. त्यापुढं नाही जमायचं. तुमच्यासाठी रडायचा त्या लोकांनाही हक्क आहे."

ते म्हणाले, "चालेल. वर्ष पुष्कळ झालं."

ते गेल्यावर मी त्या खोलीत जाऊ शकत नव्हते. अल्ताफ पुण्याहून आला, दार उघडलं, शेजारी खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "तुम्ही खेळा. मी आहे." एकटीनं केलेल्या त्या पहिल्या व्हिडिओत त्याचा आवाज नाही, पण तो होता.

कमेंटमध्ये लोक विचारत राहिले, सागरदादा कुठे आहे. मी खोटं लिहिलं नाही. उत्तरच दिलं नाही. ते फार जड गेलं.

मागच्या महिन्यात पाथर्डीच्या एका मुलीची कमेंट आली. 'वैशालीताई, मी हे चॅनेल तुमच्यापासून बघायला लागले. जुन्या व्हिडिओंमध्ये ते सागरदादा आहेत ना, ते मला आता आवडायला लागलेत.'

ती कमेंट मी आईंना वाचून दाखवली. आई उठल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांनी भाऊजींचा फोटो स्वतः पुसला.

आज सकाळी वर्षश्राद्ध झालं. संध्याकाळी चॅनेलवर सांगणार आहे. अल्ताफ आलाय. हे पण बसणार आहेत.

आणि आत्ता आई जिना चढून वर आल्या. म्हणाल्या, "मलाबी बसायचंय. माझ्या पोराबद्दल मी सांगीन. काय बोलायचं ते मला शिकवू नका."

मी खुर्ची दिली. त्यांची ओळख कोणी करून देणार नाही.

भाऊजी, जिथं असाल तिथं सुखात राहा. आमचा सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.