पहिल्या छपाईच्या चिठ्ठ्या

"लेबल राहू दे, नंबर पाह्य." हातात रेकॉर्ड आली की भाऊ ती खिडकीकडे तिरपी धरायचे. शेवटच्या गाण्यानंतर जी गुळगुळीत पट्टी उरते, तिथे बारीक आकडे कोरलेले असतात. तुम्ही-आम्ही गाणं संपलं की उठतो. भाऊंचं काम तिथून सुरू व्हायचं.

आम्ही दोघं पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलच्या तपासणीत, मी त्यांच्या हाताखाली. लालबुंद रुळावर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या घाण्याचा नंबर, ठोकला की त्याची जन्मकुंडली पक्की. भाऊंनी उभी नोकरी तेच नंबर वाचले आणि रिटायर झाल्यावर तोच डोळा जुन्या इंग्रजी रॉकच्या रेकॉर्डकडे वळवला. आकडा एकवर संपला की ते चिठ्ठी लिहायचे, 'पहिली छपाई', आणि खाली झोकदार सही. रिसालीपासून जामुलपर्यंतच्या वस्त्यांतले शौकीन त्या चिठ्ठ्या मिरवायचे. भाऊंनाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

एका रविवारी मी माझी रेकॉर्ड त्यांच्या रेकॉर्डशेजारी ठेवली. अल्बम तोच, नंबरही तोच. पण माझ्या लेबलवर कारखान्याच्या पत्त्यात पिनकोड होता, आणि तो अल्बम निघाला तेव्हा देशात पिनकोडच नव्हते.

भाऊंनी दोन्ही रेकॉर्ड खिडकीकडे तिरप्या धरून पाहिल्या. मग म्हणाले, "आपल्या इथं दर रुळावर नंबर नव्यानं ठोकते. हिचा नंबर साच्यातच हाये. साचा जुना, माल कधीचाही. बापा, किती चिठ्ठ्या चुकल्या!"

दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटरवर घरोघर निघाले. मीही मागे बसलो.

"काहून फिरून राहिले, भाऊ? कोणाले समजते?"

"मले समजते ना. सही माही हाये."

शेवटचं घर जवळच्या उतई गावात, एका मास्तरांच्या विधवेचं. मास्तर गेल्यावर तिने त्यांची एकुलती एक रेकॉर्ड भाऊंना दाखवली होती. आता ती कपाटात तळाशी पडली होती.

"वहिनी, चूक झाली माही. हे पहिली छपाई नाही."

"मंग कधीची?"

भाऊंनी लेबल, पाकीट, पत्ता सगळं उलटून पाहिलं आणि दोन-तीन सालं सांगितली. त्यातलं एक साल ऐकताच वहिनींनी त्यांना थांबवलं.

"लग्नाच्या साली माह्यासाठी नवी आणली, असं ते जन्मभर सांगत होते. तुमची चिठ्ठी आली अन् मले वाटलं, हे तर लग्नाच्या कितीतरी आधीची, कोणाची तरी जुनी उचलून आणली, माह्यासंग खोटं बोलले."

भाऊंनी हात जोडले. मग तिथेच बसून नवी चिठ्ठी लिहिली.

अशा माणसाच्या हाताखाली मी काम केलं, हे मी आजही छाती काढून सांगतो.

भाऊ आता नाहीत. मध्यंतरी उतईला गेलो होतो. मास्तरांच्या फोटोखाली ती रेकॉर्ड काचेत लावलेली आहे. शेजारी भाऊंच्या सहीची चिठ्ठी आहे, 'पहिली छपाई नाही.' वहिनी रोज तिच्यावरची धूळ पुसतात.