मी ओरडत होते, म्हणून चांदणी पळत होती

मंडळी, आज अंगात त्राण नाही, पण हे सांगायलाच हवं.

आमची चांदणी म्हणजे इथे सौदीतल्या हाइलकडच्या कुत्र्यांच्या शर्यतींतून निवृत्त झालेली सलुकी जातीची कुत्री. महिन्यापूर्वी तिला रियाधला घरी आणलं. आज सकाळी माझ्याकडून गेट उघडं राहिलं आणि ती सुटली.

मी गाडी काढली. काच खाली करून, "चांदणी, चांदणी" ओरडत आमच्या कंपाउंडच्या, म्हणजे वसाहतीच्या, रस्त्यावर तिच्या बाजूने चालवत राहिले. मी वेग वाढवला की ती आणखी जोरात पळे. माझा घसा बसला.

शेवटी वॉचमनचाचांनी हात आडवा केला. "मॅडम, गाडी बंद करो. रेस में मालिक ऐसे ही साथ में गाडी चलाके चिल्लाता है. वो आपके लिए दौड रही है."

इंजिन बंद करून मी फुटपाथवरच बसले. थोड्या वेळाने ती आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून धापा टाकत राहिली. तिचे तळवे सोलवटले होते.

लेक दहावीत आहे. मघाशी तिला अभ्यासाला बस म्हणून ओरडायला गेले आणि दारातच थांबले.

तुमच्या घरी कोण पळतंय हो?