फणसाआडचा सिग्नल

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. दरवर्षी शाळेत चमत्कारांमागचं विज्ञान दाखवायचा कार्यक्रम माझ्याच गळ्यात असतो. जिभेवर कापूर जाळणं, नारळातून आग काढणं... सगळं स्वतः करून दाखवते आणि मग त्यातली गोम पोरांना फोडून सांगते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. स्टाफरूममध्ये कुणी वाचलं तर माझी काही धडगत नाही. आणि आधीच सांगते, यात पैंजण नाहीत, पांढरी साडी नाही, घाबरण्यासारखं काहीच नाही. यात आहे ती एक डिश अँटेना.

निवळीहून जयगडकडे जाणारा रस्ता आहे ना, त्या रस्त्याला चाफे गावाच्या पुढे खाली उतरलं की आमची वाडी. नाव देत नाही, नाहीतर लोक फणस बघायला यायचे. चिऱ्याचं घर, पुढे कौलं, मागे स्लॅब. स्लॅब माझ्या नवऱ्यानं, महेशनं, पोर्टवर नोकरी लागल्यावर घातला. घरात आम्ही दोघं आणि माझे सासरे, आप्पा. परसात आग्नेय कोपऱ्याला एक फणस. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा वेळणेश्वरहून, माहेराहून, कापा फणसाची आठळी घेऊन आल्या होत्या, तिचं हे झाड. बुंध्याशी चिऱ्याचा बुटका कठडा आहे. त्यावर बसून, हाताला तेल लावून सासूबाई फणस फोडायच्या आणि अख्ख्या वाडीत गरे वाटायच्या.

सासूबाई गेल्या त्याच सुमाराला रस्तारुंदीत केबलची लाइन तुटली. केबलवाला आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला आणि शेवटी धंदाच बंद करून बसला. वायफाय आमच्या वाडीत कागदावर आहे. मोबाइलला रेंज हवी तर वर रस्त्यावर जायचं. म्हणजे घरात टीव्ही बंद... आणि आप्पाही बंद.

हे जरा सांगायला हवं. आप्पा आणि सासूबाई रात्रीचं जेवण कायम टीव्हीसमोर घ्यायचे. सासूबाई विळी घेऊन नेमक्या टीव्हीच्या पुढ्यात बसणार, आप्पा मागून ओरडणार, त्या हातभर सरकणार, आणि पुन्हा हळूहळू तिथेच येणार. मालिकेतल्या सासवांना दोघं मिळून शिव्या घालायचे. त्या गेल्यावर आप्पा संध्याकाळी फणसाखालच्या कठड्यावर जाऊन बसायला लागले. जेवायला हाक मारली तर “भूक नाय गो” म्हणायचे. एवढा दणकट माणूस, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. मला तर रात्री झोप लागत नव्हती. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही नाही, यांना सोबत द्या, मन रमवा. मी शाळेत, महेश शिफ्टला, सोबत कुठून आणायची? म्हणून ठरवलं, डिश लावू या.

गणपती झाल्यावर कंपनीनं सलीमभाईंना पाठवलं. सलीमभाई किनाऱ्यावरच्या गावातले, पन्नाशीचे, अर्धं आयुष्य मस्कतला काढून आलेले. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, “वहिनी, मस्कतला शेखांच्या बंगल्यांवर डिश लावल्यात मी. तुमचं काम म्हणजे चहा उकळेपर्यंत!”

चहा उकळला, प्याला, परत उकळला. सलीमभाई सिग्नल सापडला की वाजणारा मीटर घेऊन स्लॅबच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मीटर मुका. शेवटी घाम पुसत खाली आले.

“वहिनी, सॅटेलाइट तिकडे,” त्यांनी आग्नेयेला बोट दाखवलं, “आणि मधी हा फणस. पान आडवं आलं तरी सिग्नल मरतो, हितं तर डोंगरच हाय. एक तर हा काढा, नायतर टीव्ही विसरा.”

मी गोष्टीच्या दोन्ही बाजू बघणारी बाई आहे, पण त्या दिवशी मी फणसाच्या बाजूला नव्हते. वर रस्त्यावर जाऊन महेशला फोन केला. तो म्हणाला, अख्खा नको, वरचा शेंडा काढू, मी तोडणारा माणूस बघतो. परत येऊन मी आप्पांना हे शक्य तेवढ्या गोड आवाजात सांगितलं.

आप्पा कठड्यावर बसले होते. फार दिवसांनी त्यांचा मूळचा आवाज ऐकला.

“तोडायचा नाय.”

“आप्पा, फक्त शेंडा. आडवा येतो म्हणून...”

“ती कधी कुनाच्या आड आली नाय,” आप्पा म्हणाले. “आता कशी येल?”

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘ती’ म्हणजे आमच्या सासूबाई, झाड त्यांनी लावलंय, असं मी हळूच सांगितलं. ते बिचारे सामान बॅगेत भरायला लागले. मी उभी तशीच. झाड तोडावं तर आप्पा जातील, न तोडावं तर असेच झुरत राहतील. मला तिथेच रडू यायला लागलं.

तेवढ्यात आप्पांनी विचारलं, “नारळ ठेवलाव काय?”

आमच्याकडे विहीर खणा, बोअर मारा, नाहीतर साधी मोरी बांधा, जागेवाल्याला म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. डिशसाठी नारळ ठेवायचं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आप्पा घरात गेले, नारळ घेऊन आले, बुंध्याशी ठेवला, टोपी नीट केली आणि सुरू झाले:

“बा जागेवाल्या म्हाराजा, आज ह्या तुझ्या जाग्यात ही छत्री लावताव म्हाराजा...”

गाऱ्हाण्याला मागे कुणीतरी हो म्हणावं लागतं. मी तोंड मिटून उभी. आणि मागून आवाज आला, “व्हय म्हाराजा!” सलीमभाई! हातात पाना घेऊन, मान खाली घालून. बहुतेक वाडीवस्तीत डिश लावता लावता सवय झाली असावी.

“काय चूकभूल झाली आसंल ती पोटात घाल म्हाराजा, चित्र सरळ येऊ दे, मदीच कायतरी नाचू देऊ नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग आप्पा पुढे झाले, बुंध्याला तळहात टेकवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. ते मला ऐकू आलं नाही. वळून त्यांनी सलीमभाईंना कठड्याकडे बोट दाखवलं.

“हितं लावा.”

“आप्पानू, हितनं आभाळच दिसत नाय!”

“लावा तं खरं.”

म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं म्हणून सलीमभाईंनी डिश उचलली आणि सासूबाई बसायच्या तिथे कठड्यावर धरली. तोंड सरळ फणसाकडे. मीटर जोडला.

मीटर ओरडायला लागला.

सलीमभाईंनी मीटर बंद करून चालू केला. वायर बदलली. डिश वीतभर डावीकडे नेली, मीटर मुका. जागेवर आणली, परत तोच आवाज. उजवीकडे मुका, जागेवर आवाज. घरात बॉक्स जोडला तर सिग्नलचे दोन्ही पट्टे अगदी शेवटापर्यंत भरलेले. चित्र असं लख्ख की मालिकेतल्या बाईच्या कपाळावरची पावडर दिसावी.

“असं होत नाय, वहिनी,” सलीमभाई म्हणाले. “मी लावलीय, पन असं होत नाय.”

बोल्ट पक्के करून, फोटो काढून, पुन्हा चहा न घेता ते गेले. फोटो त्यांनी कंपनीच्या ग्रुपवर टाकला तर बाकीच्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली म्हणे. पण मी म्हणेन, इतकं चांगलं इन्स्टॉलेशन कुणाचं झालं नसेल. त्या संध्याकाळी आप्पा टीव्हीसमोर बसले, मालिकेतल्या सासूला एक शिवी घातली आणि परत भात मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले.

आता माझ्यातली विज्ञानाची बाई गप्प बसणार होती का? दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर चौकशी सुरू. मोबाइलमध्ये सॅटेलाइटची दिशा दाखवणारं ॲप घेतलं. बाण थेट बुंध्याच्या आड. पानांत कुठे फट असेल म्हणून डिशपाशी डोकं ठेवून बघितलं. फट नाही. मग वाटलं, सिग्नल दुसरीकडूनच कुठून तरी, पाण्याच्या टाकीवरून वगैरे आपटून येत असेल. टाकीवर ओली गोणपाटं टाकली. काही फरक नाही. शेवटी घरातली मोठी परात डिश आणि फणस यांच्या मध्ये धरली. महेश आतून ओरडला, “गेलं!” परात काढली. “आलं!” म्हणजे येतंय ते फणसाच्याच बाजूनं. परात आड आली तर जातं, एवढं झाड आड आहे तर जात नाही... हे मी फळ्यावर कसं मांडू?

ज्युनिअर कॉलेजचे फिजिक्सचे सर मुद्दाम बघायला आले. उकडलेल्या आठळ्या खाल्ल्या, दोन वेळा “इंटरेस्टिंग” म्हणाले आणि वाचून सांगतो म्हणून गेले ते अजून वाचतायत. पावसाची जोरदार सर आली की वाडीत सगळ्यांचे टीव्ही बंद पडतात, आमचा चालू असतो. शेजारच्या बायका मालिका बघायला आमच्याकडे येतात. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. “तुमच्या आत्यांचा फणस तो,” एवढंच म्हणतात. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

खरा गोंधळ पुढे झाला. माझी नणंद, शोभाताई, लोट्याला असते, तिचे मिस्टर तिथे केमिकल कंपनीत आहेत. उन्हाळ्यात ती आली आणि हट्टानं आप्पांना घेऊन गेली. “माझ्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे, आप्पांना तिकडेच ठेवून घेते,” म्हणाली. आप्पा गेले त्याच संध्याकाळी आमच्या टीव्हीवर ‘नो सिग्नल’.

सलीमभाई आले. डिश, वायर, बॉक्स, सगळं तपासलं, सगळं ठीक. “मी म्हटलं नव्हतं, असं होत नाय?” आता त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

वर रस्त्यावर गेले तर तिकडून शोभाताईचा फोन. आप्पा भिंतीएवढ्या टीव्हीसमोर बसतात, पण बघत नाहीत. जेवण तर पुन्हा बंदच. “घरी सोडा” एवढंच म्हणतात. तिला वाटत होतं, घरी टीव्हीही नाही, तिथे नेऊन काय करणार? मीच तिला म्हटलं, थांबा, मी टीव्हीचं बघते.

आणि मी काय केलं ते सांगते, हसू नका. घरात कुणी नव्हतं. मी नारळ घेतला, बुंध्याशी ठेवला, आणि आप्पांनी म्हटलं होतं तसं आठवून आठवून सगळं गाऱ्हाणं म्हटलं. मागे हो म्हणायला कुणी नाही, म्हणून “व्हय म्हाराजा”सुद्धा मीच. आत जाऊन टीव्ही लावला. नो सिग्नल. मला स्वतःचा इतका राग आला! तोच नारळ फोडून मी चटणी केली.

शेवटी महेश जाऊन आप्पांना घेऊन आला. मी दारातच सांगितलं, “आप्पा, टीव्ही गेलाय, उगाच आशा धरू नका.” त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, घरात न येता परसात गेले, बुंध्याला हात टेकवला आणि परत आले. नारळ नाही, गाऱ्हाणं नाही. पायावर पाणी घेऊन आत येऊन बसले.

“लाव.”

मी लावला. लख्ख.

मग मात्र मला राहवलं नाही. पान वाढताना विचारलं, “आप्पा, तुम्ही झाडापाशी नेमकं काय म्हणता? मीही गाऱ्हाणं घातलं होतं. अगदी तुमच्यासारखं.”

आप्पांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

“गाऱ्हानं जागेवाल्याला. ता येगळा,” ते म्हणाले. “तिला मी कायम म्हनायचो ताच म्हटला. सरक गो जरा, दिसत नाय.”

आणि भात कालवायला लागले.

ते ऐकून मी हातातली डाव तशीच ठेवली आणि टॉर्च घेऊन परसात गेले. मंडळी, मला अजून यातलं काहीही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर जरूर सांगा. फणस होता तिथेच आहे. तसूभरही हललेला नाही, मी टॉर्च मारून सगळीकडून बघून आले.