लढाईच्या महिन्यातले काका

सेलूच्या कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्यावर बसणारे काका लढाईच्या महिन्यात जन्मले. कोणत्या लढाईच्या, ते विचारू नये. शाळेत गुरुजींनी अख्ख्या वर्गासारखी त्यांचीही जन्मतारीख एक जून लावली, आणि आईला तेव्हा रेडिओवर लढाई चालू होती एवढंच आठवायचं. त्यामुळे काका सोयीने जन्मतात. मकरेला साडेसाती लागली तेव्हा ते एकाहत्तरची लढाई सोडून पासष्टच्या लढाईत जन्मले आणि मेषेचे झाले. साडेसाती मेषेकडे वळली, तसे सहा वर्षांनी तरुण होऊन परत मकरेत आले.

जगात कुठंही बॉम्ब पडला की काका म्हणतात, "माझा मंगळ लय तापायलाय." जणू यांची पत्रिका बघूनच विमानं उडतात.

मागच्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा चालू असताना त्यांना नात झाली. राशीवरचं भाषण ऐकायच्या तयारीनं आम्ही पेढे खायला गेलो. काकांनी आधी टीव्ही बंद केला.

"लढाईचं तिला कुणी कायबी सांगू नका," ते म्हणाले. "आंब्याच्या दिवसात झाली म्हणा."